पडद्यावरचं कुंकू

दसरा, संध्याकाळ. मुलुंड.

आईवर आवाज चढवला, ते अजून टोचतंय. पण नव्या ओएलईडी मॉनिटरच्या पडद्यावर, अगदी मधोमध, तिने ओल्या बोटाने कुंकू लावलं होतं. गेमसाठी चित्रं काढायचं माझं सगळं काम त्याच्यावर.

"आई, वाट लावलीस गं."

"बाबा कारखान्यात लेथला लावायचे ना? मग तुझ्या हत्याराला नको?"

हत्यार. एरवी घरात सगळे म्हणतात, ग्रॅज्युएट झाली आणि गेम खेळत बसते.

मऊ फडक्याने हळूहळू पुसलं. आई दारातून बघत होती. मॉनिटर लावला, मी काढलेलं रात्रीचं रान उमटलं. डाग नाही. जुन्या मॉनिटरवर याच रानातला काळोख राखाडी दिसायचा. आई पुढे वाकली. "अगदी आपल्या गावचा काळोख गं."

इतकं नेमकं माझ्या कामाबद्दल कुणीच बोललं नव्हतं.

मग कुंकू तिच्याकडूनच स्टँडला लावून घेतलं.

"आता बंद कर," ती म्हणाली, "आज हत्याराला सुट्टी."

उद्या काम द्यायचंय. तरी बंद केलं.