डाव्या हाताचं बटण

कोपरखैरणे,
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप तात्यांस,
सुनयनाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

नेहमीचा वार सोडून मध्येच पत्र आलं म्हणून घाबराल, तेव्हा आधी सांगते की आई ठीक आहे.

शुक्रवारी रबाळ्याहून ऑफिस सुटून घरी आले तर दारातच जळका वास. आईच्या हवेच्या गादीचा पंप ज्या बोर्डाला लावतो तो वितळून काळा पडला होता. आईजवळ दिवसभर बसतात त्या शेजारच्या अस्मिताताई नेमक्या दळण आणायला गेलेल्या. अर्धांगाच्या झटक्यापासून आईची जीभ वळत नाही, उजवी बाजू हलत नाही, तिने हाक तरी कशी मारायची? मी आत गेले तेव्हा ती त्या बोर्डाकडे टक लावून पाहत होती. नजर काढली तर तो पेट घेईल असं वाटत असावं.

मानसिंग वायरमन येऊन बघून गेला. म्हणाला, मॅडम, एक बोर्ड बदलून काय होणार, आतली वायर कडक झालीय, वाकवली की तुकडा पडतो. ती तुम्ही आणि मार्केटातल्या तुमच्या हमालांच्या टोळीने तीस वर्षांपूर्वी ओढली होती हे मी त्याला सांगितलं नाही. तो हसला असता आणि मला ते आवडलं नसतं. खालचा-वरचा मजला मिळून वायर, पाइप, बोर्ड, अर्थिंग आणि मजुरी एक लाख दहा हजार सांगतो. प्लास्टर आणि रंग वेगळा. माझी एक मुदत ठेव आहे, तेव्हा त्याची काळजी नको. वेळ किती लागेल विचारलं तर म्हणतो आठ दिवस, टेन्शन नका घेऊ.

आठ दिवस वीज बंद, भिंती फोडलेल्या, घरभर धूळ. त्यात आईला ठेवता येणार नाही. तुम्ही तिला तेवढे दिवस गावी ठेवून घ्याल का? विचारताना संकोच होतो. तुमचं वय, त्यात कान गेलेले. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. पण एक गोष्ट मी कबूल करते. तिचं बोलणं मला अर्धंच कळतं. तुम्ही ओठांवरून सगळं ओळखता.

उत्तर पाठवा. लोभ आहेच, तो या मागणीने आटू नये.

तुमची लेक,
सुनयना


चाफेवाडी,
१८ नोव्हेंबर

चि. सुनयनास तात्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. विचारायचं काय त्यात? पोस्टमन वळला नाही तोवर मी खाट उन्हात टाकली. आपला भैरू चुलत्याच्या शब्दाबाहेर नाही, जीप घेऊन रविवारी येतो म्हणाला. त्याची बायको कूस बदलायला हाताखाली येईल.

तुझी आई आल्या आल्या म्हणणार, ही चूल कुणी सारवली, म्हशीनं का? माझी ऐकायची तयारी आहे. ऐकायची म्हणजे बघायची.

ती वायर आमचीच हे मानसिंगला सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तांब्याची परवडत नव्हती म्हणून अॅल्युमिनियमची ओढली. कांद्याच्या गोण्या उतरवून आलेल्या सहा माणसांनी ओढली ती तीस वर्षं टिकली, हे त्याला सांग. आणि हसला तर हसू दे.

आशीर्वाद आहेत, ते वेगळे मागायला लागू नयेत.

तात्या


कोपरखैरणे,
१ डिसेंबर

तीर्थरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईला तुमच्याकडे सोडून आले त्याला आठवडा झाला. इथून जीपमध्ये बसवताना तिने डाव्या हाताने दाराचं ग्रिल धरून ठेवलं होतं. एकेक बोट सोडवावं लागलं. हे मी तिथे तुम्हाला सांगितलं नाही. आपलं घर आठ दिवसांसाठी सोडतोय की कायमचं, हे तिला कळलं होतं का? मी तिला तीनदा समजावलं, पण समजावताना मी घड्याळ बघत होते.

घराची दशा बघवत नाही. प्रत्येक भिंतीत छतापासून खालपर्यंत वायरसाठी झिऱ्या पाडल्या आहेत. स्वयंपाकघरात ओल निघाली, त्यामुळे तिथलं सगळं प्लास्टर काढावं लागलं. खर्च दीड लाखाच्या पुढे गेला. मानसिंग पाइप टाकून मेहुणीच्या लग्नाला गेला आहे. फोन केला की म्हणतो, परवा नक्की. त्याच्या परव्याला तिथी-वार काही नसतो. मी अस्मिताताईंकडे जेवते आणि वरच्या खोलीत अंथरूण टाकते.

भैरूच्या मोबाइलवर आई दिसली, पण मला बघून ती रडायला लागली, म्हणून त्याने फोन बंद केला. आता तसं करायला नको. तुम्ही लिहाल तेच खरं.

एक गोष्ट सांगू का? काल दुपारी मी दोन तास झोपले. दोन वर्षांत पहिल्यांदाच मध्ये उठावं लागलं नाही. जाग आली तेव्हा फार बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटल्याचा राग आला. तुम्हीच ठरवा, ही कसली मुलगी.

एक काम होतं. आईच्या पलंगापाशी एक बटण तिच्या डाव्या हाताला येईल असं बसवायचं आहे, दिवा तिचा तिला लावता यावा म्हणून. आणि दुसरं घंटीचं, म्हणजे पुन्हा काही जळलं तर अस्मिताताईंच्या घरात वाजेल. तिथली खाट इथल्या पलंगाएवढीच उंच आहे. तिचा हात कुठवर जातो ते बघून कळवा.

माया असू द्या, यावेळी थोडी आईला जास्त.

सुनयना


चाफेवाडी,
७ डिसेंबर

चि. सुनयनास आशीर्वाद, वि. वि.

सोबत दोरा पाठवला आहे. तो पत्राबरोबर फेकू नकोस. तुझ्या आईला हात वर कर म्हटलं, तर म्हणाली, मला काय शाळेत घातलंय? मग एकदा रागाने केला. तो नको, म्हटलं दमल्यावर जाईल तेवढाच कर. तेवढ्या उंचीवर जमिनीपासून दोरा धरून तोडला. टेपचे बारीक आकडे मला आता दिसत नाहीत. मार्केटात आम्ही गोण्यांची थप्पीही दोऱ्यानेच मापायचो.

झोपलीस ते बरं केलंस. त्यात राग कसला? माणूसच आहेस. झोप अजून.

इथं आमचं बरं चाललंय. सकाळी तिला उन्हात बसवतो. माझी भाकरी बघून ती म्हणते, ही खायची का पत्र्याच्या भोकाला लावायची. मार्केट सुटल्यावर मी गावी आलो, तुम्ही दोघी तिकडं राहिलात; तेव्हापासून आठ वर्षं या घरात मी एकटा. आता घर भरल्यासारखं वाटतं. तू घाई करू नकोस. काम पक्कं होऊ दे.

आमची आठवण काढ, काळजी काढू नकोस.

तात्या


कोपरखैरणे,
१६ डिसेंबर

तीर्थरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

दोरा मिळाला. मानसिंग म्हणाला, एवढ्या खाली बटण? लहान पोरं आहेत का घरात? मी नुसतं भिंतीला दोरा लावून धरला आणि त्याने पेन्सिलने खूण केली.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घर भरल्यासारखं वाटतं असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही असं काही कधी लिहीत नाही.

इथे प्लास्टर अजून ओलं आहे. रंग व्हायचा आहे, मीटरचंही थोडं काम अडलं आहे. अजून पंधरावीस दिवस तरी धरा. आईला चालेल ना? तिला विचारून कळवा. थंडीत तिला शाल पुरते का? मी इथून जाड चादर पाठवते.

तुमच्या दोघांच्या मायेत मला वाटा असू द्या.

सुनयना


चाफेवाडी,
२४ डिसेंबर

चि. सुनयनास आशीर्वाद, वि. वि.

चादर मिळाली. रंग आवडला नाही म्हणते, पण सोडत नाही.

यंदा थंडी जास्त आहे. तिला खोकला झाला होता, डॉक्टर येऊन सुई देऊन गेला. जेवण थोडं कमी झालंय. पेज घेते. तू जीव टांगणीला लावू नकोस. ओल्या भिंतींच्या घरात तिला आणण्यात अर्थ नाही, छातीत बसेल. संक्रांत इथंच करू. तूच तिळगूळ घेऊन ये, मग तिला घेऊन जा.

काम झालं की कळव. माझ्यासाठी नाही. असंच कळव.

आशीर्वाद.

तात्या


कोपरखैरणे,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

तेरावं करून परवा इथे पोचले. भैरूचा फोन आल्यावर मी निघाले, तरी आई सापडली नाही. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. तिथे घरात माणसं होती, आणि तुमच्याशी हळू बोलता येत नाही. आईचे ओठ तुम्हाला वाचता यायचे, माझे येत नाहीत. हे ओरडून सांगायला माझी जीभ वळली नाही, म्हणून लिहिते.

तात्या, घर चौदा डिसेंबरला तयार होतं. वीज सुरू झाली होती, रंगही वाळला होता. खालच्या खोलीतलं बटण मी स्वतः जमिनीवर बसून डाव्या हाताने लावून पाहिलं होतं. पंधरावीस दिवस धरा असं मी लिहिलं, ते खोटं होतं.

तुमचं घर भरलंय ते मी लगेच रिकामं करू नये, असं मला वाटलं. हे खरं आहे. पण एवढंच खरं आहे का, हे मी रोज स्वतःला विचारते. मला झोपायचं होतं. तुमच्या सुखासाठी थांबतेय असं म्हटलं की झोप बिनघोर लागायची. यातलं किती तुमच्यासाठी होतं आणि किती माझ्यासाठी, हे आता कोण सांगेल? आई इथे असती तर गरम खोली होती, जवळ दवाखाना होता.

तिने काही विचारलं होतं का, एवढंच मला कळवा. काही राखून ठेवू नका.

लोभ मागण्याचा हक्क आज मला वाटत नाही.

सुनयना


चाफेवाडी,
२७ जानेवारी

चि. सुनयनास तात्याचे आशीर्वाद. हक्क लागत नाही, ते असतातच.

तू विचारलंस म्हणून लिहितो. विचारायची. रोज सांज झाली की विचारायची, लायटी आल्या का. पहिल्या आठवड्यापासूनच. मी म्हणायचो, येतील. मग ती माझ्याकडून तोंड फिरवायची. तोंड फिरवल्यावर पुढचं मला दिसायचं नाही, त्यामुळे ती आणखी काय बोलायची ते मला माहीत नाही.

हे तुला लिहिलं असतं तर तू भिंत ओली असली तरी धावत आली असतीस. दोन वर्षांनी झोप लागली असं तू लिहिलं होतंस, ती मोडायचं माझ्या जिवावर आलं. तुझ्यासाठी गप्प बसलो असं मीही म्हणतो. पण तीही मला हवी होती, पोरी. तू वीस दिवस मागितलेस तेव्हा मला बरं वाटलं. तुझं खोटं मला सोयीचं होतं. तेव्हा एकटीवर घेऊ नकोस. आपण दोघं एकमेकांसाठी थांबलो, आणि ती घरी जायला थांबली होती.

दवाखान्याचं म्हणशील तर मला माहीत नाही. जगली असती का, तेही माहीत नाही. आपल्या खोलीत गेली असती, एवढं नक्की.

तिकडं येऊन राहा असं तू निघताना खुणेनं म्हणालीस. उन्हाळ्यात बघू. आता म्हशीला सोडून येता येत नाही. ते बटण वर घेऊ नकोस.

एक काम कर. मी पाठवलेला तो दोरा टाकला नसशील तर परत पाठव. तिकडं भिंतीवर खूण झाली, तुला आता तो लागायचा नाही. तिचा हात कुठवर जायचा हे बघायला माझ्याकडं इथं दुसरं काही नाही.

तात्या