शाळेतली तिया

प्रिय जुसारा,

फोनवर मी ओरडते, तू ठेवून देतेस, आणि मुरिलो तिथं शेजारीच बसलेला असतो. म्हणून लिहितेय. तिसरीपर्यंतची माझी शाळा, अक्षरं कोंबडीनं माती उकरल्यासारखी, तेव्हा हसायचं असेल तर आधीच हसून घे आणि मग नीट शेवटपर्यंत वाच. तुझी होणारी सासू, दोना ओदिला, परवा येऊन गेली. दिवसभर तिला आपलं औरो प्रेतो गाव दाखवलं. लग्न मोडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुझं अर्धं लक्ष तिकडेच राहील.

तू सांगितलंस ते सगळं केलं. निळा झगा घातला. केस बांधले. कमी बोलले, म्हणजे माझ्या मानानं कमी. पण एक सांग, तुला झालं काय होतं? "माझी आई शाळेत असते," एवढंच म्हणालीस तू मुरिलोला. त्यानं घरी जाऊन त्याची शिक्षिका करून टाकली, आणि तू गप्प. आठ महिने गप्प! मला कळवलंस कधी, तर दोना ओदिला बसमध्ये बसल्यावर. "आई, एकच दिवस. एक दिवस शिक्षिका हो, नाहीतर माझं तोंड काळं होईल त्या घरात." अगं, एकवीस वर्षं त्या शाळेत मी दोनशे पोरांचा भात आणि घेवडा शिजवतेय. चुलीवरचं पातेलं एकटी उतरवते. पण फळ्यासमोर उभी राहिले ती एकदाच, तीही दुसरीत असताना, शिक्षा म्हणून. आणि तुला सुट्टी नेमकी त्याच दिवशी मिळाली नाही. असो.

बसमधून उतरली ती उंच टाचांचे बूट घालून. मनात म्हटलं, झालं. आपल्या गावात बकरीसुद्धा उताराला विचार करून पाय टाकते. "आमच्या कांपिनासला रस्ते सपाट असतात हो," म्हणाली. मी म्हटलं, इथले रस्ते देवानं केलेत, उभेच केलेत. वरच्या देवळाकडे हनुवटीनं दाखवून म्हटलं, हे काय, इथंच आहे. अर्ध्या चढावर ती एका दाराला टेकून उभी राहिली, तोंड लालबुंद. "दोना दाल्वा, तुम्हा मिनासच्या डोंगरी लोकांचं 'इथंच' म्हणजे नक्की किती किलोमीटर, ते आधी सांगत जा!" दारातली म्हातारी आतून ओरडली, "बाई, 'इथंच' म्हणजे दुपारपर्यंत. 'जरा पुढं' म्हणाली असती तर मुक्कामाची तयारी लागली असती." ओदिला एवढी हसली की बूट काढून हातात घेतले आणि तशीच अनवाणी चढली. तेव्हाच ती मला आवडली. वाईट तिथंच झालं. आवडलेल्या माणसाला फसवायचं म्हणजे घास गिळवत नाही.

पुढं तर गावानंच माझी पंचाईत केली. औषधाच्या दुकानातून हाक, "तिया दाल्वा!" पोस्टातून हाक, "तिया दाल्वा!" आता आपल्याकडे शाळेतली प्रत्येक बाई पोरांची तिया, म्हणजे मावशीच; शिकवणारीही तिया आणि ताटात भात टाकणारीही तिया, त्याला मी काय करू? ओदिलाचे डोळे भरून यायला लागले. "किती मुलांना मोठं केलंत हो तुम्ही." मी म्हटलं, हो, पुष्कळांना वाढलंय. खोटं नव्हतं ते. दगडी भांड्यांच्या बाजारात आदिल्सन भेटला, तुझ्या वर्गातला, आता पोट सुटलंय. त्यानं मला मिठीच मारली आणि ओदिलाला सांगायला लागला, "यांच्या हातचं खाऊन मोठे झालोय आम्ही!" ती मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "छडी फार चालायची वाटतं तुमची?" मी म्हटलं, छडी नव्हे, पळी. तिला वाटलं मी विनोद केला.

मग चौकातलं संग्रहालय. मीही पहिल्यांदाच गेले आत, पन्नास वर्षं बाहेरून भिंत बघतेय. एका खोलीत नक्षीची मोठी लाकडी खुर्ची, आणि खाली पाटी, मुंगीएवढ्या अक्षरांची. ओदिला म्हणाली, "चष्मा सापडत नाहीये मेला. वाचा ना जरा, तुम्हाला तर रोजची सवय." जुसारा, मी पाटीपाशी वाकले. त्यातलं मला "बिशप" लागलं आणि "खुर्ची" लागलं. बाकीचं लावत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. म्हटलं, बिशपमहाराज जेवायला याच खुर्चीवर बसायचे. तेवढ्यात मागून गाईड दहाबारा माणसं घेऊन आला, खुर्चीची बैठक वर उचलली, आणि मधलं भोक दाखवून म्हणाला, "ही बिशपमहाराजांची शौचाची खुर्ची." आणि त्यातली एक रिओची चुरचुरीत बाई, तिनं माझं ऐकलं होतं, मोठ्यानं म्हणते, "अगंबाई, या तर म्हणाल्या जेवायची!" सगळी खोली खदखदून हसली. माझे कान असे तापले की त्यावर चीजपाव भाजले असते.

ओदिला हसली नाही. त्या बाईला म्हणाली, "मीच घाई केली त्यांना, चूक माझी." मग पिशवीत हात घातला आणि चष्मा काढला. "हा बघा, इथंच होता." आणि तिथून पुढं तिनं दिवसभर मला वाचून दाखवलं. संग्रहालयातल्या पाट्या, देवळाच्या दारावरचं, गल्ल्यांची नावं, खाणावळीतला फळासुद्धा. "डोळ्यांना व्यायाम हवा म्हणतात डॉक्टर," असं म्हणत. हळू वाचायची, जड शब्द दोनदा. मला काय कळत नाही? मी चिडले. मला कुणी फसवलं तर चालतं, कुणी दया केली की अंगावर काटा येतो. पण तिला बोलू काय? ती पाटीच तर वाचत होती.

दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर बसलो, पेरूची वडी आणि चीज खात. समोर सगळा डोंगर, कौलं, उन्हात वाळत घातलेले कुणाचे तरी पडदे. ती पायाचे तळवे चोळत म्हणाली, "माझी आईही बाहेर गेली की चष्मा विसरायची. तिच्याकडे चष्मा नव्हताच कधी." एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मी, तुला माहीत आहे मी कशी, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मी म्हटलं, दोना ओदिला, मी शिकवत नाही. मी त्या शाळेत भात शिजवते.

ती वडी खात राहिली. म्हटलं, आता उठेल. उठली नाही. तिनं हात पुसले आणि बघितलं माझ्याकडे, आणि आवाज एकदम बदलला. "स्वयंपाकाची लाज मला नाही. मी स्वतः बारा वर्षं दुसऱ्यांची धुणी धुतलीत, मुरिलोला विचारा. पण शिक्षिका कुणी केलं तुम्हाला? जुसारानं? कारण जी मुलगी आज आईला लपवते ती उद्या माझ्या मुलापासून काय काय लपवेल? तसं असेल तर मी मुरिलोला म्हणेन, थांब." रागावून नाही म्हणाली. हिशेबी बाई भाजी निवडते तसं म्हणाली. त्याचीच भीती वाटली.

म्हणून हे पत्र. मी तिला सांगितलं की तो सगळा माझा उद्योग. तुमच्या घराबद्दल ऐकलं आणि तुमच्यापुढं मोठं व्हावंसं वाटलं, म्हणून मुरिलोला तसं वाटलं तेव्हा मीच पोरीला म्हटलं, वाटू दे, बोलशील तर खबरदार. पोरगी नको म्हणाली, रडली, दोन दिवस जेवली नाही, पण मी ऐकलं नाही. ओदिलानं माझं तोंड नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "दोना दाल्वा, तुम्ही फार खोटारड्या आहात हो," आणि उतारावर माझा दंड धरला. म्हणजे पटलं का नाही, ते तिचं तिला माहीत. आता आठवडाभर ती शेजारच्या मारियाना गावी बहिणीकडे आहे, रविवारी तुमच्याकडे येईल आणि तुला एकटीला गाठून विचारेल. तेव्हा दोघींचं एकच असू दे. तू नको म्हणालीस. तू रडलीस. हट्ट माझा होता. पुढं कधी छाती झाली तर खरं सांग तिला, ते तुझं तू बघ, मी सांगणार नाही. पत्र वाचून झालं की फाडून टाक, आणि माफी मागायला फोन करू नकोस, मी ओरडेन. फक्त एवढंच, की आईसाठी माझी लेक रडली, असं तिला सांगत होते ना, तेव्हा ते ऐकायला माझं मलाच फार बरं वाटत होतं.

तुझीच, भात शिजवणारी,
आई