ताशी वीस

प्रिय दादा,

तब्येत कशी आहे हे विचारून सुरुवात करणार होतो. पण ते मी दर रविवारी फोनवर विचारतो आणि तू दर वेळी 'बरी आहे' म्हणतोस, तेव्हा ते राहू दे. फोनवर आपण दोघंही फार टिकत नाही. तू 'आईला दे' म्हणतोस, मी देतो, आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. आज आई दुपारची झोपली आहे, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलो आहे. तीन कागद फाडून झाले. हा चौथा.

इकडचं सगळं चाललंय. आई तिचे गुडघे सोडून सगळ्यांची काळजी करते. वरच्या मजल्यावर तुमच्या खोल्या मी बुधवारी उघडून झाडून घेतो. जिना तुला झेपत नाही म्हणून तुम्ही वहिनींच्या माहेरी तळमजल्यावर गेलात, त्याला येत्या महिन्यात सव्वा वर्ष होईल. तुझा नकाशे काढायचा फळा आईने जुन्या चादरीने झाकून ठेवलाय. मी चादर काढत नाही. माझं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातलं काम तेच आहे. पिळायचं नवं यंत्र आलं आहे. ते सुरू झालं की भिंतीवरचं घड्याळसुद्धा हलतं. बायका म्हणतात, साहेब, याला आधी धरून बांधा, मग चादरी घाला.

तुला आठवतं का, मी ते वेग मोजायचं काडेपेटीएवढं मीटर आणून सायकलच्या हँडलवर बसवलं, तेव्हा तू किती हसला होतास. अकरा किलोमीटरचा रोजचा रस्ता, वीस वर्षं तुडवलेला. आता त्यात मोजायचं काय राहिलं, असं तू विचारलंस. पण मला मोजायचं होतं. औषधांच्या खिडकीवरचा तो पोरगा, ज्याला आम्ही सुसाट म्हणतो, रोज चहाच्या वेळी आपली सरासरी सांगायचा. ताशी बावीस, ताशी साडेबावीस. माझी निघाली सतरा पूर्णांक चार. वर त्याचा नियम असा की सिग्नलला उभं राहिलेला वेळही धरायचा, नाहीतर ती स्वतःचीच फसवणूक. मी तो नियम मुकाट्याने घेतला. त्रेचाळिसाव्या वर्षी, दादा, माझ्याजवळ दुसरं काय होतं? लग्न जमता जमता राहिलं, धुलाईखान्यातून वर जायचं ते दोनदा राहिलं. एवढा एकच आकडा होता, जो माझ्या पायांनी बदलेल असं वाटत होतं.

आणि तो काही केल्या बदलेना. सीट दोन बोटं वर घेतली. टायरमध्ये दगडासारखी हवा भरली. कॅरियर काढलं, चिखलपट्ट्या काढल्या, मग पावसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन कामावर गेलो. डब्यातली एक वाटीसुद्धा कमी केली, म्हणून आई दोन दिवस बोलली नाही. वहीत रोज वारा कुठून होता ते लिहायचो. महिन्याच्या शेवटी सतरा पूर्णांक नऊ. सायकल मिस्त्रीकडे गेलो, तर त्याने चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, सायकलला काही झालेलं नाही, तुम्ही थांबता किती ते बघा. त्याचं खरं होतं. सात सिग्नल आहेत वाटेत. पाच किलोमीटर जीव काढून कमावलेलं एका लाल दिव्यात जातं. मग मी हळूहळू प्रत्येक दिव्याशी भांडायला लागलो. कुणी वाटेत आलं की मनात त्याला शिव्या द्यायचो. त्या दिवसांत मी चांगला माणूस नव्हतो.

तू ते पाहिलंस. तू पाहतोसच. एका संध्याकाळी मी जिन्याखाली साखळीला तेल देत बसलो होतो, तू वरून उतरलास आणि म्हणालास, उद्यापासून मी माझी सायकल घेऊन पुढे राहतो, वारा माझ्या अंगावर घेतो, तू माझं मागचं चाक धरून ये. एक्कावन्न वर्षांचा माणूस तू. साडेनवाचं तुझं ऑफिस, वाटेत फुलं बघत, ओळखीच्या प्रत्येकाला हात करत जायची तुझी सवय. ती सोडून तू सव्वा तास आधी उठलास, माझ्या आकड्यासाठी. लहानपणी बाबांच्या सायकलवर मला पुढच्या नळीवर बसवून शाळेत न्यायचास, तेव्हा मला धक्का बसू नये म्हणून तू इतका सावकाश चालवायचास की रोज उशीर व्हायचा आणि छड्या तू खायचास. ती सावकाशी तुझ्या अंगातच होती. माझ्यासाठी तीही तू टाकलीस.

दादा, ते पाच आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, हे मला सांगायलाच हवं. तुझी रुंद पाठ, निळा शर्ट, खड्डा आला की मागे खाली केलेलं एक बोट. आपण बोलत नसू. अठरा पूर्णांक सहा. एकोणीस. एकोणीस पूर्णांक आठ. हॉस्पिटलच्या फाटकाशी तू धापा टाकत विचारायचास, 'किती?' आणि मी सांगितलं की मान हलवून आपल्या ऑफिसच्या वाटेला लागायचास.

त्या सकाळचं तुला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की आधीचा तासभर पुसला जातो, तो बहुधा परत येत नाही. तुला निघताना वहिनींनी दार लावल्याचं आठवतं आणि एकदम वॉर्डातलं छत आठवतं. मधलं सगळं माझ्याकडे आहे. सव्वा वर्ष ते मी एकट्यानेच ठेवून घेतलं आहे.

ते असं झालं. वारा पाठीचा होता. पहिले सहा सिग्नल हिरवे मिळाले, असं कधीच होत नाही. मीटरवर वीस पूर्णांक तीन होते. शेवटचा चौक दिसायला लागला आणि दिवा पिवळा झाला. तू पाय थांबवलेस. हात खाली करून, पंजा उघडून मागे दाखवलास, म्हणजे थांबतोय. दादा, तू थांबत होतास. मी मागून ओरडलो, 'दादा, जा, निघेल, थांबू नकोस.' तुझा हात क्षणभर तसाच राहिला. मग तू तो हँडलवर घेतलास, पेडलवर उभा राहिलास आणि गेलास. बाजूने पावाची गाडी आली. मी ब्रेक दाबला. जा म्हणणारा मी, आणि थांबलो मी.

तुला आमच्याच हॉस्पिटलात नेलं. दुपारी कुणीतरी माझी सायकल आणून भिंतीला टेकवून ठेवली होती. ते मीटर अजून मोजत होतं. सरासरी उतरून दोनवर आली होती. तुझ्या वॉर्डातल्या चादरी आठ दिवस माझ्याकडे धुवायला येत होत्या. त्यांतली कोणती तुझी, ते मला कळायचं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी मागे होतो, नीट दिसलं नाही. गाडीवाला बिचारा रडत सांगत होता की ते थांबत होते, मग एकदम पुढे आले. त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना, आणि मी मूग गिळून उभा राहिलो. नवव्या दिवशी तू मला जवळ बोलावून विचारलंस, 'मी थांबलो का नाही रे?' त्या वेळी मला सांगता आलं असतं. वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हणालो, 'काय माहीत, दादा.' तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, 'मूर्खपणा झाला माझ्या हातून.'

तेव्हापासून तू ते सगळ्यांना सांगत आलास. तो गाडीवाला भेटायला आला, तर डाव्या हाताने लुळा उजवा हात उचलून त्याच्यापुढे दोन्ही जोडलेस. तुझ्या लेकीला म्हणालास, पिवळा दिवा दिसला की थांबायचं, बापासारखं करायचं नाही. मी तिथेच खुर्चीवर तुझं संत्रं सोलत होतो. आईही कधीमधी म्हणते, त्याला या वयात कसली घाई सुचली होती. मी ऐकून घेतो.

मी अजून सायकलनेच जातो. दुसऱ्या कशाने गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं. आणि आणखी एक सांगतो, ते ऐकून तुला माझी किळस आली तरी चालेल. मी मीटर काढलं नाही. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फाटकाशी उतरलो आणि त्यावर वीस पूर्णांक एक दिसलं. एकट्याने, कुणाच्या पाठीचा आडोसा न घेता. सुसाटने पाठ थोपटली. मी आत जाऊन धुतलेल्या चादरींच्या कोठीत बसलो. 'किती?' म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. बायकांनी हाका मारल्या तरी बराच वेळ मला उठता आलं नाही.

परवा वहिनींचा फोन आला. त्यांनी आईला मागितलं नाही, मलाच मागितलं. तू महिनाभर व्यायामाला जात नाहीस, म्हणाल्या. हाताच्या डॉक्टरीणबाई दोनदा घरी येऊन गेल्या. आत्ता केलं तर पेन्सिल धरण्याइतका हात सुटेल, उशीर केला तर नाही, असं त्यांनी सांगितलंय. आणि तू म्हणतोस, माझ्याच चुकीने गेलाय तो, आता भोगतो, कुणाला त्रास नको. वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, ते तुमचंच ऐकतात, तुम्ही समजवा.' तू माझं ऐकतोस, दादा, तेच तर झालं. म्हणून हे पत्र. तू चूक केली नव्हतीस. तू थांबला होतास, मी तुला ढकललं. हे वाचून वहिनींना आणि लेकीला वाचायला दे, आईला मी आज उठली की सांगतो, आणि उद्या सकाळी पोलीस चौकीत जाऊन माझा जबाब बदलून देतो. रविवारी पहिल्या बसने मी तिकडे येईन. दार उघडलं नाहीस तर मी बाहेरून परत जाईन, मनात काही धरणार नाही. पण सोमवारी व्यायामाला जा. भोगायचं आहे ते माझ्या वाटणीचं आहे, ते तू कशाला भोगतोस?

तुझाच,
धाकटा