आत ओढायचा ‘हो’

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं लिहिणार होतो, पण तू ऐकणार नाहीस, म्हणून लिहीत नाही. आम्ही ठीक.

मी स्वीडिश शिकतो आहे. हसून घे. घरातले हसून झाले आहेत. नात चार वर्षांची झाली, तिची आई तिकडची, घरात तीच भाषा. फोनवर ती माझ्याशी भरभरून बोलते. डोळे मोठे करते, हात हलवते, मध्येच उडी मारून दाखवते. मग आपले चिरंजीव दुभाषी होतात आणि सांगतात, “काही नाही बाबा, बरं आहे म्हणते.” (नुसतं बरं असण्यासाठी एवढ्या उड्या लागत नाहीत.) तेव्हाच ठरवलं, आता मध्ये कोणी नको.

सुरुवात दवाखान्यात केली. दातांच्या डॉक्टरची एक सोय असते. समोरच्याचं तोंड उघडं आणि त्यात आपले हात, त्यामुळे उच्चारावर कोणी हरकत घेत नाही. ‘हूर मोर दू?’ म्हणजे कशी आहेस. हे मी दाढांना विचारतो. ‘तक’ म्हणजे आभार. ते चूळ भरून झाल्यावर. सात हा आकडा मात्र जिभेवर सापडत नाही. गरम चहावर फुंकर मारल्यासारखा आवाज घशातून काढावा लागतो, आणि मास्कमध्ये तो काढला की चष्म्यावर वाफ धरते. काही दिवस मी सात वगळूनच मोजत होतो. (दात मोजताना हे बरं नव्हे.)

खरी पंचाईत ‘हो’ने केली. ‘हो’ला ‘या’ म्हणतात, ते सोपं. पण सुनेच्या गावाकडे, उत्तरेला, पुष्कळदा तेवढंही बोलत नाहीत. ओठ आवळून झटकन श्वास आत ओढतात. झालं, हो म्हटलं. नातही तसंच करते. मी ते अंगवळणी पडेपर्यंत सोडायचं नाही असं ठरवलं, आणि पडलं. परवा बँकेतले कॅशियर खुर्चीत होते. मी दिवा वळवला, आरसा आत घातला. त्यांनी तोंड उघडं ठेवूनच खुणेनं विचारलं, कीड आहे का? मी सवयीनं श्वास ओढला. मास्कमुळे ओठ दिसले नाहीत, नुसता आवाज ऐकू आला. माझा हात बाजूला सारून ते म्हणाले, “डॉक्टर, मी वाचेन ना?” मी पुन्हा हो म्हटलं. तसंच.

गळ्यातल्या फडक्यासकट ते जिना उतरले. मदतनीस मागे धावली, फडकं घेऊन परतली आणि म्हणाली, “सर, एक तर भाषा शिका, नाहीतर दात काढा.” तुझी भावजय म्हणते, जन्मभर माझ्या बोलण्यावर नुसतं हूं केलंत, आता निदान दचकल्यासारखं तरी करता.

मी थांबणार नाही. रविवारी नातीचा फोन आहे. चिरंजीवांना खोलीबाहेर राहायला सांगितलं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी संध्याकाळी तू फोन करू नकोस. तुझा फोन लवकर संपत नाही.

आणखी एक. तू नातीला गुपचूप मराठी शिकवते आहेस, हे सुनेकडून कळलं. शिकव. फक्त रविवारपर्यंत थांब. तिनं आधीच मराठीत सुरुवात केली तर माझी सगळी मेहनत वाया जाईल आणि मला फार आनंद होईल, आणि या वयात दोन्ही एकदम झेपायचं नाही.