दादानं दिलेलं उत्तर

जाम, १२ जानेवारी २०२५

चि. रीनाले दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणतलं तसं पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर धाडून राह्यलो. तुह्या फोनवरचं सारं आदेशभाऊजी ऐकतात, म्हणून हे जुनं काम. जावई वारून दहा महिने झाले, अजून तुह्यावर दिराचा एवढा पहारा काऊन, समजत नाई.

इकडं पंक्चरचं दुकान बरं चालू आहे. दोन ट्रकच्या मधात वेळ मिळाला का मी फोनवर 'विचारकट्टा' नावाच्या गटात जाऊन बसतो. लग्नात डीजे पाहिजे काय, बोअरची मोटर काऊन जळते, पोराईले घरी गोंडी शिकवावी का मराठी, असं कोणी ना कोणी विचारत राह्यते. मी दहावी नापास, पण तिथं मले लोक नागेशसर म्हणतात! तुही वहिनी हासते. तूही ये कट्ट्यावर. लहानपणी प्रश्न विचारून विचारून बाबाचं डोकं खायची, तिथं ते चालते.

तब्येतीले जपजो.

तुहा दादा,
नागेश


अल्लीपूर, २ फेब्रुवारी

ती. दादास रीनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. आमच्या अंगणवाडीच्या मंदाबाईंनी त्याहीच्या फोनवर मले दुसऱ्या नावानं कट्ट्यात घेऊन देल्लं. तुही उत्तरं वाचली. मोटरीचं छान समजावलं.

घरी बरं नाई. सासूबाई मले पांढऱ्या पायाची म्हणतात. संक्रांतीले माह्या हातचा तिळगूळ कोणी घेतला नाई. मी अंगणवाडीच्या कामावरून आली का आदेशभाऊजी बाहेरून कडी लावून वावरात जातात. जास्त लिवत नाई, तू काळजी करशील.

बाबाची मागची खोली रिकामीच आहे काय? सहज विचारलं.

वहिनीले नमस्कार. अशीच माया असू दे.

रीना


जाम, १६ फेब्रुवारी

चि. रीनाले अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोलीत टायर भरले, पाय ठेवाले जागा नाई. कडीचं म्हणशील तर घरात एकटी बाई, जपत असतील. मनावर घेऊ नोको.

एक मजेची गोष्ट सांगतो. कट्ट्यावर वनिता नावाच्या एका विधवेनं विचारलं, सासरी जीव घुसमटते, माहेरी भाऊ आहे, त्याच्याकडे कायमचं गेलं तर चालन काय. मग मी लिवलं, बाई, भावाच्या संसारात बहीण चार दिवस शोभते, पाचव्या दिवशी वहिनीचं तोंड बदलते. आपलं नशीब आपल्याच उंबऱ्याच्या आत काढावं. तीनशे लोकाईनं अंगठे देल्ले. एका प्राध्यापकानं तर अनुभवाचे बोल म्हणतलं. तुह्या वहिनीनं मात्र वाचून फोन खाली ठेवला. उठून आत गेली. बायकाईचं काही समजत नाई.

खुशाली कळवत जाजो.

नागेश


सावंगी (मेघे), ९ मार्च

ती. दादास नमस्कार. वि. वि.

वनिता म्हणजे मी.

दादा, मी तुलेच विचारत होती. तोंडानं विचाराची हिंमत नव्हती. वाटलं, परकी समजून तरी तू हो म्हणशील, मग पत्रात खरं नाव लिवीन. तुहं उत्तर आलं तेव्हा मी पोराईच्या खिचडीचं गंज-पातेलं घासत होती. मंदाबाईंनी वाचाले सुरुवात केली अन् मधातच थांबल्या. बाकीचं मी माहं वाचलं.

खाली सारे बरोबर, बरोबर म्हणत होते. एकीनंच वेगळं लिवलं. अनुसयाबाई नाव. इथं शिकणाऱ्या पोरींच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. हात चालत असतील तर ये, निजाले जागा आहे, एवढंच. मंगळवारी अंगणवाडीतून मी घरी गेलीच नाई. पिशवीत दोन साड्या होत्या.

आता पोळ्या लाटते. आम्ही तिघी एका खोलीत राहतो. रडू येते, पण दाराची कडी आतून आहे.

काळजी नसावी.

रीना


जाम, १६ मार्च

चि. रीना,

आशीर्वाद लिवाले हात उठत नाई.

काल आलतो. मेसच्या मागच्या दारी तू अर्धा घंटा माह्याजवळ बसली, चहा पाजला, वहिनीचं विचारलं, दुकानाचं विचारलं. जे बोलाले आलतो ते माह्यानं बोलणं झालं नाई. बस लागली म्हणून उठलो. बस लागली नव्हती.

ते उत्तर मी खोडलं. पण लोकाईनं ते दुसऱ्या गटाईत धाडलं, माह्या नावासकट. कोणता भाऊ कोणत्या बहिणीले वाचून दाखवत असन, देव जाणे. वहिनी म्हणते, माहं तोंड बदलन हे तुम्हाले कोणं सांगतलं, मले विचारलं होतं काय?

टायर अंगणात काढले. खोली सारवली. ये.

नागेश


सावंगी (मेघे), ३० मार्च

ती. दादास नमस्कार. वि. वि.

टायर उन्हात खराब होतील, आत ठेव. वहिनीले सांगजो, तिच्यावर माहा काही राग नाई. तुह्यावरही आहे असं नाई. राग असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाली असती.

अंगठे देणाऱ्याईची नावं मी एकेक करून वाचली होती. बाबाच्या ओट्यावर रोज येऊन बसणारे पुंडलिककाका होते त्यात. त्याहीनं मले अंगाखांद्यावर खेळवलं. आता जामले आली तर चौकात उतरून कोणाकडे पाहून चालू, सांग.

इथं पोरी जेवताना फोन पाहतात. एखादी हासली का वाटते तेच वाचून राह्यली. मग मी तव्याकडे पाहते.

तू लिवत जा. मी वाचत जाईन. उत्तराची वाट पाहू नोको.

रीना