भोंगा असलेली अर्धी बोट

रेइवा सहावे वर्ष (२०२४), ११ नोव्हेंबर, सोमवार. कुरोसे बंदर.

मिनेओका वकीलबाई, आधी क्षमा मागते. मृत्युपत्र करून ठेवा, असं तुम्ही कळवलंत त्याला दोन वर्षं होत आली आणि मी एका ओळीनेही उत्तर दिलं नाही. आळस नव्हता. लिहायला बसलं की बोटांना जवळ्याचा वास यायचा आणि मी उठून हात धुवायला जायची. वास आजही आहे, पण परवा मला ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल व्हायचं आहे, म्हणून लिहिते.

मी, हामावाकी तामाए, वय सत्तेचाळीस, 'मिसागो' बोटीची तांडेल. हौशी गळकऱ्यांना समुद्रातल्या खडकांवर सोडणं, मासा कुठे लागेल ते दाखवणं आणि त्यांना जिवंत परत आणणं हा माझा धंदा. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, न पिता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीतली मोठी रक्तवाहिनी मात्र फुगली आहे. दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी तपासल्या आहेत. मला नवरा नाही, मूल नाही, आईवडील गेले. कायद्याने वारस एकच, धाकटा भाऊ शिगेकी. मी काही लिहिलं नाही तर सगळं त्याचं. मृत्युपत्र केलं तर भावाला राखीव हिस्सा मागता येत नाही, हे मी तुम्हाला पूर्वी दोनदा विचारलं होतं आणि आज सकाळी फोनवर पुन्हा विचारलं. तुम्ही चिडला नाहीत, त्याबद्दल आभार.

कलम पहिलं, तारखेबद्दल.

वरची तारीख खरी आहे. तिच्यावर एवढा जोर देते त्याचं कारण माझे वडील. त्यांनीही मृत्युपत्र लिहिलं होतं, सुंदर ब्रशाने. बोट तामाएला, घर शिगेकीला. खाली नाव, शिक्का, आणि तारखेच्या जागी 'मार्च महिना, शुभ दिवस'. नवी बोट पाण्यात सोडताना, लग्नाच्या आमंत्रणावर, देवळाला दिलेल्या दगडी दिव्यावर आमच्याकडे असंच लिहितात. आयुष्यभर त्यांनी शुभ दिवस पाहूनच सगळं केलं. पण शुभ दिवस म्हणजे कोणता, हे कायद्याला कळत नाही. कोर्टात तो कागद उघडला. पहिला बोलला शिगेकी.

"ताई, यावर तारीखच नाही. हे रद्द धरतात. मी नाही म्हणत, कायदा म्हणतो."

कागद रद्द झाला. घर त्याने मागितलं नाही, कारण घरात उंदीर होते. बोटीतला अर्धा वाटा मागितला. बदल्यात घर पूर्ण माझं झालं.

त्याचा मला तिरस्कार वाटतो. हे लिहून वाचलं आणि खोडावंसं वाटलं. मृत्युपत्रात खाडाखोड केली तर ती कुठे केली ते लिहून पुन्हा सही-शिक्का करावा लागतो, म्हणून राहू देते आणि पुढे दुरुस्त करते. तिरस्कार नाही, किळस वाटते. तिरस्कार असता तर त्याच्यासोबत एका ताटात जेवले नसते. वडिलांना शेवटच्या आजारात पाठीवर घेऊन धक्क्यापर्यंत त्यानेच नेलं होतं, हेही इथे नोंदवते.

कलम दुसरं, बोट.

'मिसागो'तला माझा अर्धा वाटा मी मुराई योशिहितो यांना देते. ते गेली बारा वर्षं माझे खलाशी आहेत.

का, ते लिहिलं पाहिजे. नाहीतर शिगेकी म्हणेल की ताईचं डोकं फिरलं होतं.

आमच्या बंदरात भोंग्याला मान आहे. सकाळी निघताना प्रत्येक बोट लाटा अडवणाऱ्या बांधाच्या तोंडाशी एकदा भोंगा वाजवते. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष तोकुनागा तिथे उभे असतात, ते हात वर करतात, मग बोट बाहेर पडते. गेल्या उन्हाळ्यात एका बोटीचा भोंगा बिघडला होता, तर त्यांनी ती गिऱ्हाइकांसकट परत पाठवली. आणि खडकांपाशी तांडेलाने तीनदा भोंगा दिला की समुद्र फुगतोय असं समजायचं. वडील गिऱ्हाइकांना चढण्याआधीच सांगायचे, "तीन भोंगे झाले की निघायचं. मासा लागलेला असू दे, गळ अडकलेला असू दे, बायकोचा फोन आलेला असू दे." लोक हसायचे. पण निघायचे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात काबुतो नावाच्या खडकावर दोन माणसं होती. फुकुओकाचे दंतवैद्य कागेयामा, आणि त्यांना मासा दाखवायला सोबत उतरलेला शिगेकी. लाटा वाढल्या. मी तीन भोंगे दिले. शेजारच्या खडकावरच्या लोकांनी मुकाट्याने सामान गुंडाळलं. काबुतोवर मात्र डॉक्टरांची गळाची काठी वाकलेली होती आणि शिगेकी मला तळहात दाखवत होता, थांब. मी पुन्हा तीन दिले. पुन्हा तळहात.

मी बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खडकाला टेकवली. मुराई उडी मारून वर गेले. मासा आधी आला, मग शिगेकी, मग डॉक्टर, ज्यांना मुराई जॅकेटला धरून अक्षरशः ढकलत होते. मुराई शेवटी. नाळ लाटेवर उचलली गेली आणि खाली आली तेव्हा त्यांचा उजवा पाय मध्ये होता.

मी बंदराशी वायरलेसवर बोलत होते, रुग्णवाहिका मागवत होते. मागून शिगेकीचा आवाज आला, "अजून जरा डावीकडे, डॉक्टर. तोंड माझ्याकडे." वळून पाहिलं. डॉक्टर गोबरा मासा दोन्ही हातांत उचलून हसत होते. मी ओरडले, "अहो, तुम्ही डॉक्टर ना! मुराईंचा पाय बघा!"

"मी दातांचा डॉक्टर आहे हो," ते म्हणाले. मासा त्यांनी खाली ठेवला नाही.

तो फोटो शिगेकीने मोठा करून धक्क्यावरच्या खोलीत लावला आहे, जिथे गिऱ्हाइकं बोटीची वाट पाहत कॉफी पितात. माशाच्या शेपटीमागे एक पांढरा रबरी बूट दिसतो. तो मुराईंचा. लोक त्या फोटोखाली उभे राहून स्वतःचे फोटो काढतात आणि काबुतोच हवा म्हणतात. आमच्याकडे गर्दी वाढली. ती गर्दी मी नाकारली नाही. त्याच कमाईचा भात मीही खाते. तेव्हा किळस कुणाची किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

मुराईंना मी हे आधी विचारलं. ते जाळीच्या ढिगावर बसून पाय चोळत होते.

"कप्तानबाई, अर्ध्या बोटीचं मी काय करू? पुढची अर्धी की मागची?"

"ज्या अर्ध्यात भोंगा आहे ती."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "शिगेकी आणि मी एका बोटीचे मालक? आमचं रोज वाजेल."

"वाजू दे. तुम्ही नाही म्हणालात तर तो एकटा बोट नेऊ शकत नाही, हे मी वकिलांना विचारलंय."

"म्हणजे तुम्ही मला बोट देत नाही आहात. बोट अडवायचं काम देताय."

"हो."

त्यांनी विचार करून मान डोलावली. अर्ध्या वाट्याने बोट चालवता येत नाही, पण थांबवता येते. मला तेवढंच हवं आहे. वाटा घेताना त्यांनी एक अट पाळावी: तीन भोंग्यांनंतर जो खडकावर थांबेल त्याला पुन्हा कधीही बोटीवर घेऊ नये, मग तो कोणाचाही पाहुणा असो.

कलम तिसरं, घर.

घरही मुराईंना. ते देवळाच्या वरच्या चढावर राहतात आणि त्या पायऱ्या ते कसे चढतात ते मी खिडकीतून पाहते. माझ्या घराला एकही पायरी नाही. उंदरांसकट द्यावं.

कलम चौथं, हत्यारं आणि सामान.

वडिलांची छिन्नी आणि हातोडा सोसायटीला. गिऱ्हाइकं काठी रोवायला खडकात खिळे ठोकतात आणि तसेच सोडून जातात, शिशाची वजनं फटीत कोंबतात. हंगाम संपला की ते सगळं उपटून काढायला ही हत्यारं वापरावीत. लांब दांड्याचा ब्रशही त्यांनाच. चाऱ्यासाठी नेलेला जवळा लोक खडकावर सांडतात, धूत नाहीत, दुसऱ्या दिवशी तो उन्हात कुजून गुलाबी लगदा होतो. त्यावर पाय ठेवून उतरण्याची मला सवय आहे. सवय झाली, याचीच जास्त लाज वाटते.

केंड माशांबद्दल एक सूचना, जी हत्यारांच्या कलमात बसत नाही, पण दुसरीकडे कुठे लिहू कळत नाही. केंड गळाला लागला की लोक चिडतात, कारण तो विषारी, खाता येत नाही आणि दोरी कुरतडतो. समुद्रात परत टाकायला एक क्षण लागतो. तरी ते त्याला खडकावर फेकतात. तो फुगतो, दात वाजवतो आणि वाळून मरतो. एकदा मी एका सुशिक्षित गृहस्थांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "परत सोडला तर परत लागेल ना, बाई." त्या खडकावर तेव्हा वीस-एक केंड पडले होते, काहींची पोटं अजून हलत होती. मी कॉलेजात इतिहास शिकले. माणसं काय करतात याचं मला फारसं आश्चर्य वाटायला नको. पण त्या दिवशी मी बोटीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन ओकले. जो केंड मारील त्याला परतीच्या प्रवासात त्याच्या मेलेल्या केंडांशेजारी बसवावं. मी हे करत आले आहे. मुराईंनीही करावं.

कलम पाचवं, शिगेकी.

माझा भाऊ हामावाकी शिगेकी याला मी तो फोटो देते. बूट कापून टाकू नये.

हे लिहीत होते तेवढ्यात तो स्वतःच आला. दारात उभा राहून चिकट जॅकेट झटकत म्हणाला, "ताई, काय लिहितेयस एवढं?"

"मृत्युपत्र."

"मग तारीख नीट घाल." आणि हसला. मलाही हसू आलं, हे कबूल केलं पाहिजे. वडील असते तर तेही हसले असते.

मग त्याने सांगितलं. "शनिवारी डॉक्टर कागेयामा येताहेत, आणखी तिघांना घेऊन. काबुतोच पाहिजे म्हणतात."

"शनिवारी दक्षिणेकडून लाटा येणार आहेत. अंदाज वाचलास?"

"दुपारनंतर. दुपारपर्यंत चिकार वेळ आहे."

"मी नाही म्हणते."

"तू इस्पितळात असशील ना गं. बोट मी नेईन. मुराईच्या जागी दुसरा कोणी बघतो." आणि जाता जाता, "तू बरी होऊन ये. बाकीचं माझ्यावर सोड."

तो प्रेमाने म्हणाला. त्यात खोट नव्हती, आणि मला किळस आली ती त्यामुळेच. त्याला खरंच वाटतं की काही होणार नाही.

मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होतं. शनिवारी मी बहुधा मेलेली नसेन, नुसती बेशुद्ध असेन. वरची सगळी कलमं शनिवारसाठी कुचकामी आहेत.

कलम सहावं, कागेयामा डॉक्टर.

ते गेल्या वर्षी आमच्याकडे चाऱ्याने भरलेली बादली विसरले. तिला मी हात लावलेला नाही. ती झाकण न उघडता त्यांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर पोचवावी.

कलम सातवं, मी स्वतः.

माझी राख काबुतोच्या आसपास टाकू नये. तिथे रोज इतका चारा पडतो की त्यात आणखी एक मूठ कोणाच्या लक्षातही येणार नाही, आणि कोणीतरी त्यावर गळ टाकेल. वडिलांशेजारी ठेवावी. दगडावर तारीख खरी घालावी, शुभ दिवस नको. बँकेत जे उरेल ते मुराईंच्या पायाच्या उपचारांना. हे सगळं पार पाडण्याचं काम मिनेओका वकीलबाईंनी करावं.

असं मृत्युपत्र हाताने लिहिलं तर साक्षीदार लागत नाहीत, पण मला हवेत. वडिलांच्या कागदाजवळ कोणी असतं तर कोणीतरी त्यांना विचारलं असतं, इवाओदादा, तारीख कुठेय? म्हणून दोघांना घरी बोलावून वरचं सगळं वाचून दाखवलं. गिऱ्हाइकांचे डबे करणाऱ्या हात्सुमीकाकू मध्येच म्हणाल्या, "सगळं त्या लंगड्याला! मला काय? निदान भाताचा कुकर तरी दे."

"साक्षीदाराला काही देता येत नाही, काकू."

"कायद्यात आहे तसं?"

"अशा कागदाला कायदा कदाचित चालवून घेईल. मला चालणार नाही."

"बापाच्या वरताण आहेस," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून शिक्का शोधायला लागल्या. सही करून झाल्यावर तोकुनागा अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "शनिवारी बांधावर भोंगा ऐकायला मीच उभा असणार आहे. माहितेय ना?"

माहीत आहे, असं मी म्हणाले.

वाचून पाहिलं, बरोबर आहे.

हामावाकी तामाए (सही, शिक्का)

साक्षीदार: इवानागा हात्सुमी, डबे करणारी, कुरोसे (सही, शिक्का)
साक्षीदार: तोकुनागा माकोतो, अध्यक्ष, मच्छीमार सोसायटी, कुरोसे (सही, शिक्का)

स्थळ: कुरोसे बंदर, हामावाकी यांचं घर. रेइवा सहावे वर्ष, ११ नोव्हेंबर.

खालची ओळ मृत्युपत्राचा भाग नाही. भोंगा अर्धा शिगेकीचाही आहे, याची मला जाणीव आहे.

उद्या: भोंगा उतरवून मुराईंच्या घरी ठेवणे.