पाय उचलून चाल

कोल्हापूर, मंगळवार, ३ डिसेंबर १९९६

दुपारी शेजारच्या शेवंताबाईंच्या दूरध्वनीवर माझ्या मुलीशी, सुमतीशी बोललो. मालवणच्या किनाऱ्यावर तिच्या घोट्यात पाकट माशाने शेपटीचा विषारी काटा मारला. अक्षर बिघडते आहे, बिघडू दे.

"अण्णा, मच्छीमारांनी लगेच गरम पाण्यात पाय बुडवायला लावला. कळ उतरली आता."

ती तिथे माशांचा अभ्यास करते. जाळ्यात सापडलेली पाकटाची गाभण मादी ती समुद्रात सोडून आली. या माशाला पिल्ले मोजकीच होतात, म्हणून मादी वाचवायची. हे मला मान्य आहे. परंतु परतताना वाळूत दडलेल्या दुसऱ्या पाकटावर तिचा पाय पडला. तिथे पाय घासत चालायचे असते, म्हणजे मासा आधीच दूर सरतो. ही पाय उचलून चालली.

तसे चालायला तिला कोणी शिकवले? मीच. चपला फरफटल्या, की 'पाय उचलून चाल' म्हणत सबंध गल्ली पुन्हा चालायला लावत असे.

"परवा पुन्हा पाण्यात उतरणार आहे," ती म्हणाली.

"पाय घासत चाल," मी म्हणालो.

ती हसली. "अण्णा, हे तुम्ही सांगताय?"

शेवंताबाईही म्हणाल्या, "मास्तर, पोरगी वाघीण हाय की. तुमीच का गारठलाय?"

आजचे वाक्य तिने एकदाच ऐकले; लहानपणीचे हजारदा. परवा पाण्यात तिच्या पायांना कोणते आठवेल?